रंजनीचे झोपाळे

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात रंजनीने एकोणीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं वेल्डिंग तपासलं. कारखान्याने तिचा विभाग बंद केला, तेव्हा महिनाभर घरात बसून ती कंटाळली आणि लोकांच्या फ्लॅटमध्ये झोपाळे बसवू लागली. चेन्नईत बऱ्याच घरांना दिवाणखान्यात ऊंजल, म्हणजे झोपाळा, लागतोच, पण छतात हूक नीट बसवणारं माणूस मिळत नाही.

तीन झोपाळे झाले आणि तिचा नवरा श्रीहरी, शाळेत गणिताचा मास्तर, म्हणाला, "एखादी आजी पडली तर? आपला फ्लॅट जाईल का गं?"

रंजनीने पाना खाली ठेवला आणि ती शेजारी गेली.

शेजारची नित्या कंपन्यांची नोंदणी करून द्यायची. ती म्हणाली, "अक्का, सध्या धंदा म्हणजे तुम्हीच. दावा आला तर घरापर्यंत येईल. एकटीची कंपनी काढा. कंपनीची देणी कंपनीपाशीच राहतील."

"आणि चूक माझ्याच हातून झाली तर?"

"तिथे कंपनी आड येणार नाही. त्यासाठी विमा घ्या."

रंजनीने दुकान भाड्याने घ्यायचा बेत सोडला, पाटीही रंगवली नाही. ते पैसे नोंदणीला आणि विम्याला गेले. तिचं काही बरंवाईट झालं तर कंपनी सांभाळणारा म्हणून श्रीहरीने सही केली आणि दोन दिवस ऐटीत फिरला.

मग अड्यारच्या एका बिल्डरकडून बारा झोपाळ्यांचं काम आलं. मॅनेजरने कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, सगळ्या नुकसानीला रंजनी स्वतः जबाबदार.

"कंपनीतर्फे सही करते, विम्याचा कागद देते. हे नको."

"मग दुसऱ्याला देतो."

"द्या," ती म्हणाली खरी, पण बसमध्ये तिचा चेहरा उतरला होता.

आठवड्याने मॅनेजरचाच फोन आला. "त्या माणसाने न वाचता सही केली हो! छत किती जाड, तेसुद्धा विचारलं नाही. मलाच धडकी भरली. तुमचा कागद पाठवा."

बाराही झोपाळे बसवून रंजनीने वजन पेलतं का ते पाहायला प्रत्येकावर तासभर वाळूची पोती ठेवली. शेवटच्या फ्लॅटमधल्या आजी वाट पाहून वैतागल्या. "पोत्यांचं झालं असेल तर मी बसू का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बसल्यासुद्धा.