कथबर्ट रेनचा खडू

डरहमच्या त्या कोळशाच्या खाणीत बावीस वर्षं माणसं कथबर्ट रेनच्या खडूवर जगली. पाळी सुरू व्हायच्या आधी छत तपासणारा हा डेप्युटी एकटाच आत जायचा आणि छताला डावा हात लावून काठीनं ठोकायचा. खणखणीत वाजलं तर दगडावर खडूनं आपली आद्याक्षरं आणि तारीख. बद्द वाजलं तर आडव्या फळ्या, मग पुढे कुणी जायचं नाही. त्याच्या खुणेखाली एकही माणूस मेला नव्हता, आणि हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगायचा.

त्या हिवाळ्यात त्याचे कान गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग बायकोची कटकट. दुसरीचं त्याला फारसं दुःख नव्हतं. पण साहेबाला कळलं असतं तर खाणीबाहेर, वर लुळ्यापांगळ्यांच्या रांगेत बसून कोळशातले दगड निवडायचे. त्यापेक्षा मरण बरं, असं त्याला मनापासून वाटे.

रविवारी नात नोरा वही घेऊन आली. "आजोबा, बाईंनी 'साउंड'चे विरुद्धार्थी शब्द आणायला सांगितलेत. अर्थ बदलला की उलटा शब्दही बदलतो म्हणे."

तिनं तीनदा विचारलं, तेव्हा कुठे त्याला ओठांवरून उमगलं.

"लिही. आवाजाच्या उलट शांतता. गाढ झोपेच्या उलट कच्ची. धडधाकट माणसाच्या उलट आजारी. आणि भक्कम छताच्या उलट बद्द."

"बद्द? बाई चूक देतील."

त्यानं खुशाल मान डोलावली. नोरा त्याच्याकडे निरखून बघत राहिली. "आजोबा, तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

हे मात्र त्यानं बरोबर वाचलं. "येतं की! तूच मेली पुटपुटतेस."

त्याच्या पाठीमागे जावई, नोराचा बाप मॅटी, चहा पिता पिता हसला. "अगं, बाबांच्या कानांच्या भरवशावर तर आम्ही आत शिरतो."

हे कथबर्टला ऐकूच आलं नाही.

सोमवारी त्यानं मॅटीच्याच खणायच्या जागेचं छत ठोकलं. कानांना काही नाही. सुटलेला दगड बोटांखाली थरथरतो, एवढाच आता आधार होता. पण बोटं थंडीनं बधिर झालेली. त्यानं पुन्हा ठोकलं. शहाण्यानं फळ्या मारल्या असत्या. पण शुक्रवारी फळ्या, शनिवारी फळ्या; साहेबानं विचारलं होतं, "काय रेन, अख्खी खाण बद्द झाली काय?"

त्यानं खडू काढला. अक्षर वाकडं आलं, म्हणून पुसून पुन्हा नीट लिहिलं.

माणसं आली. मॅटीनं खूण पाहिली, कोट उतरवला, सासऱ्याला डोळा घातला आणि वाकून आत शिरला. मागोमाग आणखी दोघं.

कथबर्ट कंदील धरून बाहेर उभा राहिला. सगळं कसं शांत होतं. तेवढ्यात आतल्या तिघांनीही एकदम माना वर केल्या.

हे वर काय बघतायत, त्याला कळेना.