सुपातला पाऊस

बस नशिराबाद सोडून पुढे निघाली आणि फोन वाजला. माझ्या भाचीचा, वैशालीचा होता. मी भुसावळला तिच्या वडिलांनाच भेटायला निघाले होते. दोन दिवस त्यांना बरं वाटत नव्हतं, म्हणून ती धुळ्याहून आधीच येऊन राहिली होती. माझ्या मांडीवरच्या पिशवीत वरणासोबतच्या बट्ट्यांचा डबा होता, अजून कोमट. "मावशी, सावकाश ये," ती म्हणाली, "आता घाई नाही गं..." मी बरं म्हणून फोन ठेवला. तिला काय सांगायचं होतं, ते कळायला मला पुढचे दोन थांबे लागले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणाले, "आमचे दाजी गेले." आणि मग उगाचच पुढे म्हणाले, "नाटकं करायचे ते."

त्या बाईंना वाटलं असेल, कुणी मोठे नट असतील. तसं काही नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान दिनकरराव रेल्वेत गुड्स क्लार्क होते. कधी रंगमंचावर चढले नाहीत, कुठलं बक्षीस नाही, पेपरात नाव नाही. पण पस्तीसेक वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवारी, त्यांनी घरातल्या माणसांना आणि दोस्तांना गोळा करून नाटकं केली... टेपरेकॉर्डरवर. दिसायचं काही नाही, सगळं ऐकायचं. आम्ही त्याला 'कॅसेट' म्हणायचो. "या रविवारी कॅसेट आहे" असा निरोप आला की मी जळगावहून शाळेच्या वह्या तशाच टाकून गाडीत बसायची.

ते मूळचे धुळ्याचे, मास्तरांचे चिरंजीव. लहानपणी शेजाऱ्यांच्या रेडिओवर श्रुतिका ऐकून त्यांना हे वेड लागलं होतं. लग्न झालं, भुसावळला रेल्वेचं क्वार्टर मिळालं, एका दिवाळीला बोनसमधून टेपरेकॉर्डर आला. त्यावर लोक गाणी ऐकतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आठ दिवसांत त्यांनी अर्ध्या तासाचं नाटक लिहून काढलं आणि अक्काला, मला आणि शेजारच्या दोघांना समोर बसवलं. पहिलंच वाक्य झालं आणि खिडकीबाहेरून मालगाडी धडधडत गेली. पुन्हा सुरुवात केली, पॅसेंजर आली. तिसऱ्यांदा नुसतं इंजिनच शिट्टी मारत गेलं. क्वार्टर रुळांना इतकं खेटून की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. शेजारी वैतागून उठले. दाजी मात्र कागद पुढे ओढून काहीतरी लिहायला लागले. मी डोकावले, तर त्यांनी नायिकेच्या तोंडी वाक्य घातलं होतं : "थांब, गाडी जाऊ दे, मग सांगते." त्या दिवसापासून त्यांच्या एकूण एक नाटकात गाडी आली. गाडी येईपर्यंत पात्रं इकडचं तिकडचं बोलत राहायची आणि ती गेली की मुद्द्यावर यायची. मला आजही वाटतं, माणसं खरोखर तशीच बोलतात.

दाजींची ड्युटी मधूनमधून सावदा स्टेशनावर असायची, तिथे केळीच्या वॅगन भरायला येणाऱ्यांत गुलाबभाऊ होते. दाजींची त्यांच्याशी आधी हुज्जत झाली आणि मग दोस्ती. घरची केळी, घरचाच ट्रॅक्टर, गडी धिप्पाड आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. दाजी एके रविवारी त्यांना घेऊनच आले. गुलाबभाऊंनी हातातला कागद उलटसुलट केला आणि सरळ सांगितलं, "साहेब, मले अक्षरं लागत नाहीत. तुम्ही सांगा, मी बोलतो." दाजींनी एकेक वाक्य सांगायचं आणि गुलाबभाऊंनी ते असं म्हणायचं की आमच्या अंगावर काटा यावा. पण दाजी सहजी खूश होणारे नव्हते. एकदा एका 'हो'साठी त्यांनी अकरा वेळा टेप मागे घेतली. "गुलाब, हे 'हो' होकाराचं झालं. मला नाइलाजाचं पाहिजे." अकराव्या खेपेला गुलाबभाऊ इतके टेकीला आले की ते 'हो' आपोआपच नाइलाजाचं निघालं. दाजींनी टाळी वाजवली. "हेच! हेच!"

आवाज तयार करायचं काम मात्र अक्काचं. सुपात मोहरी घेऊन ते हळूहळू कलतं केलं की पाऊस पडायचा. परातीत पाणी घेऊन हात फिरवला की तापी वाहायची. शेतातून चालत जाणाऱ्या माणसासाठी गुलाबभाऊंनी मळ्यातून केळीच्या वाळलेल्या पानांचं पोतं आणलं, तेव्हा अक्का कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "हा कचरा मह्या घरात नाही येऊ देत मी!" दाजींनी तिला पान पायाखाली दाबून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन माणसं चालायची असतील तर आणखी लागतील." पुढच्या रविवारी दोन पोती आली. वैशाली लहानपणी त्याच पोत्यांवर झोपायची.

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवली तर तो दाजींवरच अन्याय होईल. इतकी वर्षं अक्कानं पाऊस पाडला, वारा सोडला, दारं करकरवली, पण दाजींनी तिला बोलायचं काम कधी दिलं नाही. आम्ही बहिणी सावद्याच्या. मी शिकले, शिक्षिका झाले, माझी भाषा पुस्तकी झाली. अक्का जशी होती तशीच बोलत राहिली. दाजींचे कान शुद्ध भाषेचे. गुलाबभाऊ शेतकऱ्याचं काम करायचे, त्यांना बोली चालायची. पण नायिका, आई, मास्तरीण... "तू बोललीस की थेट सावदा स्टेशन येतं गं," असं ते एकदा सगळ्यांसमोर हसत म्हणाले. सगळे हसले. अक्काही हसली आणि चहा टाकायला आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभी होती. परतताना मी दाजींना स्टेशनच्या पायरीवर बोलले, "तुम्हाला सगळ्यांचे आवाज ऐकू येतात. अक्काचाच येत नाही." त्यांना ते लागलं. पुढचे दोन रविवार निरोप आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. पण अक्काच्या हातात सूपच राहिलं.

ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडून भुसावळातच घर बांधलं, वैशाली लग्न होऊन धुळ्याला गेली, टेपरेकॉर्डर जाऊन मोबाईल आला. रविवार तेवढा टिकला. आणि चार वर्षांपूर्वी दाजींचा आवाज बसला. सर्दी म्हणून महिना काढला. मग तपासण्या झाल्या आणि घशात गाठ निघाली. कधी सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला माणूस. नाशिकला ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक, त्यावर पांढरं फडकं... आणि आवाज कायमचा गेला.

पुढचे पाच महिने मी आठवू नये म्हणते. त्यांनी मोबाईल, कागद, जुन्या कॅसेटी, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं. वैशालीनं पाटी आणून दिली होती, तिला हात लावला नाही. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. गुलाबभाऊ तरीही दर रविवारी यायचे, केळीचा घड कोपऱ्यात ठेवायचे, तासभर गप्प बसायचे, चहा प्यायचे आणि उठायचे. "येतो साहेब." एवढंच.

मग एका सकाळी मी तिथेच होते. अक्का स्वयंपाकघरात ज्वारी पाखडत बसली होती आणि आम्ही दोघी काहीतरी बोलत होतो. दाजी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी हातानं खूण केली, हळू. अक्काला कळेना. त्यांनी पुन्हा खूण केली, त्रासिकपणे, की असं नाही, तिरकं कर, अजून तिरकं... आणि शेवटी न राहवून खाली बसले, तिच्या हातातून सूप ओढून घेतलं आणि ज्वारी एका कडेहून दुसऱ्या कडेला अशी काही सोडली की स्वयंपाकघरात आभाळ भरून आलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "पाह्य व, मले ज्वारीबी पाखडू देत नाहीत हे!" म्हणता म्हणता ती रडायलाच लागली. दाजींनी मान वर केली नाही. त्यांचा पाऊस चालूच होता. मग सूप खाली ठेवलं, आत जाऊन पाटी आणली आणि त्या पाटीवरचे पहिले शब्द लिहिले : "गुलाबला बोलाव."

पंधरा दिवसांत नवं नाटक तयार होतं. तापीकाठची एक म्हातारी नदीचं पाणी धरणात अडवल्यावर गाव सोडायला नकार देते, अशी गोष्ट. आम्ही सगळे जमलो. वैशाली धुळ्याहून आली होती, मोबाईल तिच्या हातात. आपापली कामं वाटून झाली. म्हातारी कोण करणार? दाजींनी पाटी अक्कासमोर धरली : "तू."

अक्का म्हणाली, "मले कुठी बोलता येतं? तुम्हीच तर म्हणत होते, सावदा स्टेशन येतं."

दाजींनी पाटी पुसली. खूप वेळ लिहीत होते. पेन्सिलचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी पाटी फिरवली. "मी चुकत होतो. तुझ्यासारखं बोलणारं आपल्यात कुणी नाही. हे मला आधीच कळत होतं, म्हणून जास्त चुकलो." अक्कानं ते एकेका अक्षरावर थांबत वाचलं. दाजी पुसायला हात पुढे करणार, तोच तिनं पाटी उचलून पदराखाली घेतली. "राहू द्या. हे पुसू नका." ती पाटी तिनं कुणाला परत दिली नाही. दाजींना दुपारी बाजारातून दुसरी आणावी लागली.

आणि अक्का बोलली. सुरुवातीला पुटपुटत, मग गाव सोडून जाणाऱ्या पोराला ती म्हणते ना, "तुले जाचं तं जाय बाबा, मह्या चुलीले घेऊन जाता येते का सांग?" तिथपर्यंत आली तेव्हा गुलाबभाऊंनी डोळ्याला पंचा लावला होता. दाजी परातीतल्या पाण्यात हात फिरवत तिच्याकडे बघत होते. त्यांचे हात कुठेही चुकत नव्हते. वैशालीनं ते धुळ्याला फोनवर पाठवलं. तासाभरात तिच्या सासूबाईंचा फोन आला, "विहीणबाई, बठ्ठं आइकं! भलतं भारी शे!" सगळं ऐकून त्या खूश झाल्या होत्या. अक्का लाजून फोन माझ्याकडे द्यायला लागली.

त्यानंतरची तीन वर्षं त्या घरातली सगळ्यात आनंदाची होती, असं मी म्हटलं तर कुणाला चमत्कारिक वाटेल. पण मी पाहिलंय. गल्लीतल्या बायका यायला लागल्या, एक निवृत्त गार्ड बासरी घेऊन यायचा. ज्याचा आवाज गेला तो माणूस दिवसभर आवाज शोधत फिरायचा. बाजारात भांडी वाजवून बघायचा, छत्री उघडमीट करून पारवे उडवायचा, प्लॅस्टिकचा कागद चुरगाळून शेकोटी पेटवायचा. मला एकदा त्यांनी लिहून दाखवलं, "पूर्वी मी बोलायचो, त्यामुळे फार ऐकायचं राहून गेलं." मी म्हणाले, "दाजी, हे नाटकात घाला." त्यांनी मान हलवली आणि लिहिलं, "भाषण वाटतं." त्या बाबतीत ते शेवटपर्यंत कडकच होते.

त्या दिवशी बसमधून उतरून मी घरी पोचले, तेव्हा ते झोपेत असावेत तसे होते. सकाळी खुणेनं चहा मागितला होता, अर्धा प्यायले होते, मग छाती धरली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दिवसकार्य झाल्यावर वैशाली आईला म्हणाली, "आता माझ्याबरोबर धुळ्याला चल." जावईही आग्रह करत होते. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "येईन ना. पण सोमवारी येईन आणि शनिवारी परत येईन. रविवारी माणसं येतात मह्याकडे."

गेल्या रविवारी मी गेले होते. मागच्या खोलीत, जिथे दाजींनी बाहेरचा गलका अडवायला खिडकीवर जुन्या गोधड्या ठोकल्या आहेत, तिथे सगळे बसले होते. त्या गोधड्या काढायचं कुणाच्या मनातही आलेलं नाही. अक्कानं पहिल्यांदाच स्वतः गोष्ट रचली आहे. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून तिनं सांगितली आणि मी उतरवून घेतली. सावद्याची एक मुलगी लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये येते, नवरा फारसा बोलत नाही आणि पहिल्याच संध्याकाळी तिला विचारतो, "तुला इथे करमेल ना?" एवढीच गोष्ट. कामं वाटायची वेळ आली. नवऱ्याचं कोण करणार, एवढंच ठरत नव्हतं. मग गुलाबभाऊ खाकरून म्हणाले, "वहिनी, साहेबांचं मी करू का? त्यांनीच शिकवलंय मले."

अक्का म्हणाली,

"नको भाऊ. त्यायचं मी बोलते. मले ते सगयं पाठ हाये."

तिनं गुडघे जवळ घेतले, मोबाईल पुढे ओढला आणि स्वच्छ, धुळ्याच्या मास्तरांच्या घरच्या मराठीत म्हणाली, "तुला इथे करमेल ना?" आणि मग तिच्या सावद्याच्या बोलीत उत्तरही तिनंच दिलं.