कुशाबाईच्या बोटांवरची थंडी

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर आबाजींची खानावळ होती आणि तिथली भाकरी थापायची ती निरवांगीच्या कुशाबाईनेच, असा शिरस्ता होता. परातीत तिची भाकरी अशी गरगर फिरे, की जेवणारा घास हातात धरून बघत राही.

शहाण्णव साली त्याच बोटांवर चामखिळी उठल्या. घोड्याच्या शेपटीचा केस बांधून झाला, चुना लावून झाला. एक गळाली की शेजारी दुसरी. अखेर एका गिऱ्हाइकाने ताट सरकवले. आबाजी वाईट नव्हते, पण धंदा त्यांचा होता.

"कुशाबाई, हात नीट हुईस्तवर भांडी घासा."

"आन् न्हाय झाला तर?"

आबाजी गल्ल्याकडे वळले.

भांडी घासण्यात तिला कमीपणा नव्हता. पण आपल्या तव्यावर दुसरीची भाकरी फुगलेली तिला बघवेना. तिने बारामती गाठली, कातडीच्या डॉक्टर करुणाबाईंकडे.

बाईंनी एका जाड भांड्याचे झाकण काढले. आतून पांढरी वाफ उतू आली, तशी कुशाबाई उभीच राहिली. असलेच भांडे मोटारसायकलला अडकवून गुरांच्या दवाखान्यातला गेणू गाई भरवायला तिच्या दारी येई.

"अवो बाई, हे तर आमच्या गेणूचं गाय भरवायचं! गावात कळलं तर म्हणतील, कुशाला आता कालवड हुणार."

"झाली तर खरवस पाठवा," बाई हसल्या. "ह्यात नुसता नायट्रोजन आहे, बर्फाहून कितीतरी थंड. गेणू त्यात वळूचं बी राखतो, मी त्यानं चामखीळ मारते."

कापसाचा बोळा टेकला आणि निखारा ठेवल्यासारखे झाले. तिने हात हलवला नाही.

"फोड येईल. तो फोडू नका, कोरडा ठेवा."

फोड आला. थंडीने आलेले शेकाने जाते, हा गावचा हिशोब. तिने तव्यावर फडके तापवून बोट शेकले. फोड फुटला, बोट टरारले. दुसरी असती तर डॉक्टरला शिव्या देत घरी बसली असती. कुशाबाई उलट पावली बारामतीला गेली आणि बसायच्या आधी म्हणाली, "चूक माझी हाय. शेकलं."

जखम भरल्यावर तिने पुन्हा हात पुढे केला. खेपा होत राहिल्या. चामखिळी गेल्या, पण काळ्या बोटांवर पांढरे ठिपके उरले.

ती चुलीशी परतली, त्या दिवशी तेच गिऱ्हाईक आले.

"आबाजी, बाईला आता कोड फुटलं व्हय?"

आबाजी गल्ल्यावरून अर्धे उठले. कुशाबाईने पिठाचा हात धुतला आणि त्याच्यासमोर धरला.

"कोड न्हाय, तात्या. असतं तरी भाकरीला लागत न्हाय. गाईच्या भांड्यातल्या थंडीचा डाग हाय हा. हात लावून बघा."

"गाईच्या भांड्यातली? मग भाकरीसंगं दूध बी वाढा की!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडले आणि सगळे हसले.

तात्यांनी बोटाला हात लावला नाही. ताट मात्र पुढे ओढले. आबाजी खाली बसले.

बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकरी जराशी करपली होती. ती कुशाबाईने स्वतःसाठी बाजूला ठेवली आणि तात्यांसाठी नवा उंडा घेतला.