सुर्ला ते केरी आणि परत: काट्यावर अक्काची नजर

गेल्या दोन गणेशचवथींना सुर्ल्याला आमच्या घरची माटोळी मी बांधली आणि दोन्ही वेळा ती एका अंगाला कलली. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं टांगतात ती माटोळी. आमच्याकडे ती बांधायची अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने. अक्का दिली ती केरीला, पेडण्याच्या पार टोकाला. तिचे गुडघे आता बस बदलू देत नाहीत, आणि माझ्या गाडीत ती बसत नाही. तीन वर्षांपूर्वी चवथीला तिला आणताना पार्शाच्या चढावर पाण्याची नळी फुटून गाडी वाफा सोडत उभी राहिली. अक्का पुढे चिऱ्यांच्या ट्रकातून माहेरी पोचली आणि उतरताना म्हणाली, "तुझ्या गाडयेत मी परत बसूचंय नाय."

यंदा मी ठरवलं, फोनवर विचारायचंच नाही. दारात गाडी उभी करायची आणि ये म्हणायचं.

मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचं शिक्षण खनिजाच्या ट्रकावर झालं. गाडी वीस वर्षांची असली तरी तिची नाडी मला कळते. निघायच्या आदल्या दिवशी थंड इंजिनावर सगळं पाहिलं. ऑइलची पट्टी पुसून परत बुडवली, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काठापर्यंत भरलं, ब्रेक ऑइल पाहिलं, स्टेपनीतली हवासुद्धा पाहिली. एअर फिल्टर झटकला तर अंगणात लाल धूळ पडली. तुम्ही डिचोलीच्या खाणपट्ट्यात राहत असाल तर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरातच फिल्टर बघा. गाडी चढाला दम टाकते तेव्हा अर्ध्या वेळेला तिचं नाक चोंदलेलं असतं, बाकी काही नाही.

मग शेवटची गोष्ट केली. केरीच्या खाऱ्या हवेत पत्रा खाऊ नये म्हणून गाडीखाली जळकं ऑइल पंपाने फवारलं. आमच्याकडे पावसाआधी सगळेच फवारतात. माझी बायको सुलभा नाकाला पदर लावून म्हणाली, "गणपतीक जातंव काय गॅरेजात?"

सकाळी सातला निघालो. साखळीला भाजी-उंडो, म्हणजे भाजी आणि इथला गोल पाव, वर चहा घेतला, दोघांचं शंभराच्या आत झालं. पुढे डिचोली, अस्नोडा करत कोलवाळच्या पुलावर आलो. साठेक किलोमीटरचा हा रस्ता चवथीच्या तोंडावर जरूर करा. भातं पोटरीला आलेली, आणि बाजारात माटोळीचं सामान मांडून बायका बसलेल्या. पपनसासारखी तोरिंगं, खुळखुळ्यासारख्या शेंगांच्या घागऱ्यो, रानफळांचे घोस ती कांगलां. धारगळला सुलभाने दोन तोरिंगं घासाघीस करून घेतली. "वन्संनी विचारल्यार सांगा, परसातलीं," अशी मला ताकीद.

पेडणे सोडून तुयेकडे वळलो आणि बोनेटखाली शिट्टी वाजू लागली. बारीक, कानात घुसणारी. मागोमाग बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाण्याचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला.

"अहो, आयकलात?" सुलभा म्हणाली.

"आयकलां," म्हटलं, आणि गाडी बाजूला घेऊन बंद केली. मनात पार्शाचा चढ उभा राहिला. तिथून तो फार लांब नव्हताच.

अशा वेळी घाबरू नका. दोन तक्रारी एकदम आल्या तर दोन दुखणी शोधू नका, दोघींना जोडणारं काय आहे ते बघा. माझ्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात. शिट्टी म्हणजे पट्टा घसरतोय. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, वाफ तोंडावर येते.

जवळच्या चहाच्या टपरीवरून एक कामगार आला. कोल्हापूरकडचा, औद्योगिक वसाहतीत कामाला. "काका, पट्ट्यावर पाणी मारा की, आवाज बंद हुतोय."

"आवाज बंद होईल रे पुता, पण पट्टा घसरायचा तो घसरेलच."

इंजिन निवल्यावर पट्ट्याच्या आतल्या अंगाला बोट लावलं. बोट काळंकुट्ट. वास घेतला.

"काय?" सुलभाने विचारलं.

"जळकं ऑइल. कालचं."

"म्हणजे तुमचंच!"

खालून फवारताना पंपाचं तोंड वर गेलं होतं. पट्टा तेलाने माखला होता. पत्रा वाचवायला गेलो आणि रबराला तेल पाजलं. कोल्हापूरकर हसून म्हणाला, "आमच्याकडं बैलाच्या शिंगाला तेल लावत्यात, काका. तुमी समद्या बैलालाच आंघुळ घातली."

पट्टा बदलला की जुना फेकू नका, डिकीत ठेवा. माझ्याकडे होता. टपरीवरून साबणाचं पाणी घेतलं, पट्टा फिरतो ती चाकं धुऊन कोरडी केली, जुना पट्टा चढवला. कोल्हापूरकराने पान्याच्या दांड्याने अल्टरनेटर ताणून धरला, मी बोल्ट आवळला. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा अर्धा इंच दबला की ताण बरोबर. तासाभरात निघालो. शिट्टी गेली, दिवा गेला, काटा मधल्या रेघेवर बसला.

हरमल गेलं, मग पालये, आणि सुरूच्या झाडांमागे केरीचा समुद्र दिसला. अक्का पडवीत बसली होती. तिने आधी माझे हात पाहिले.

"पडली मां बंद?"

माझ्या जिभेवर 'काय नाय' आलं होतं. सुलभा माझ्याकडे बघत होती.

"बंद पडूक नाय, अक्का. मीच थांबयली. आणि बिघडली ती माझ्याच हातान," म्हटलं, आणि फवाऱ्यापासून सगळं सांगितलं.

अक्काने हात धुवायला तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "गाडी बिघडली म्हणान मी रागावलंय, असां वाटलां तुका? गाडयो बिघडतत. त्या दिसा काटो वर जाय होतो. मी तुका तीनदां सांगलंय. आणि तू 'काय नाय, काय नाय' करीत चलयत रवलंस."

खरं होतं. तीन वर्षं मी सगळ्यांना फुटक्या नळीची गोष्ट सांगितली, ही नाही.

संध्याकाळी फेरीबोटीने तेरेखोलला जाऊन आलो. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. रात्री पेज आणि सुकी भाजी. जेवताना अक्का सुलभाला म्हणाली, "फाल्या फुडल्या सीटार मी बसतलंय. काटो मी बघतलंय."

दुसऱ्या दिवशी परतीला पार्शाच्या चढावर अक्काने हात वर केला. "राव!"

काटा केसभर हलला होता. तीन माणसं, नारळांची गोणी आणि चढ, एवढं व्हायचंच. तरी थांबलो. बोनेट उघडून पट्टा दाबला, नळी चाचपली.

"काय?"

"काय ना..." म्हणालो आणि सावरलो. "पट्टो ताठ आसा, नळी सुकी आसा. चढार इंजिनाक जोर पडता, म्हणान काटो इतकोसो हलतलोच. फुडें सपाटीर परत सकयल येतलो."

सपाटीवर काटा खाली आला. अक्काने तो खाली येईपर्यंत नजर हलवली नाही. मग पिशवीतून तोरिंगं काढून सुलभाला विचारलं, "हीं खंयची गो?"

"परसातलीं, वन्सं."

"तुझ्या परसाक धारगळचो बाजार म्हणतत?"

डिचोलीला नवा पट्टा घातला आणि डिकीत तसाच राहिलेला जळक्या ऑइलचा डबा गॅरेजवाल्याला देऊन टाकला. पुढच्या पावसाला गंजरोधक रंग लावायचा, तोही त्याच्याकडून, माझ्या हाताने नाही. माटोळी यंदा सरळ बसली. अक्का खालून सांगत होती, सुलभा बांधत होती, मी फक्त शिडी धरली.

पाच दिवसांनी अक्काला केरीला सोडून आलो. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. माझी तब्येत ती विचारत नाही. विचारते, "पट्टो कसो आसा?" फोन सुलभाच्या हातात देतो, बाहेर जाऊन बोनेट उघडतो, अंगठ्याने दाबून बघतो, आणि मगच परत येऊन तिला उत्तर देतो.