गोळा पडला

बालाजीआबांनी बापाला कधी पाहिलं नाही. आबा पाथरीजवळच्या आजोळी जन्मले, तेव्हा वडील आश्रुबा पिंगळी स्टेशनावर पोर्टर होते. दोन महिन्यांनी तापानं तिथंच गेले. घरात उरलं त्यांचं एक पोस्टकार्ड. ‘पोरगा झाल्याचा निरोप आला अन् गोळा पडला. साहेब लय बोलले. दिवाळीला येतो.’

पोटात गोळा आला, असाच अर्थ सगळ्यांनी लावला. आबांच्या आईनंही. आपण बापाला नको होतो, हे आबांनी लहानपणीच मनात धरलं. पुढं सेलूच्या जिनिंगात त्यांची चाळीस वर्षं गेली. रुईचे तंतू हवेत तरंगत असायचे, पलीकडून गाडी जायची, आणि आबा तिकडं पाठ करायचे.

गेल्या उन्हाळ्यात लेक राजेश्री घराण्याची वंशावळ लिहायला बसली. कार्ड घेऊन ती आबांसह सेलूतल्या सितारामकाकांकडं गेली. काकांची सारी नोकरी रेल्वेत पोर्टर म्हणून झालेली. आता नव्वदीला आलेले. त्यांनी कार्ड वाचून घेतलं आणि हसायलाच लागले.

“पोटातला न्हाई बाई! हा गोळा लोखंडाचा. लाईन एकेरी व्हती. पुढची वाट मोकळी हाय, ही खूण म्हणून ड्रायव्हरला गोळा द्यायचा. वेताच्या कड्याला पिशवी, पिशवीत गोळा. आपण पोर्टरनं कडं वर धरायचं, ड्रायव्हरनं चालत्या गाडीतून हात घालून न्यायचं.”

“अन् पडला तर?” आबांनी विचारलं.

“गाडी उभी! गोळ्याबिगर पुढं जायचीच न्हाई. वर सायबाची बोलणी. निरोप आल्याला, ध्यान सगळं तुमच्याकडं. खुशीत हात हुकला आसंल.”

 परतताना आबांनी रिक्षा स्टेशनाकडं घ्यायला लावली. फलाटावरच्या बाकावर बसून डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं राजेश्रीनं विचारलं, “आबा, काय बघायलाव?”

“गाडी थांबलीय,” आबा हळूच म्हणाले. “खिडक्यांतून माणसं डोकवायलीत, का थांबली म्हून. अन् एक तरणा माणूस खडीत वाकून गोळा हुडकायलाय. बोलणी खायलाय, तरी हसायलाय.”

“आजोबा कसे दिसायलेत?”

“पाठमोरे हायेत. वळतील आता.”

राजेश्री त्यांना खेटून बसली. दुपारची गाडी येऊन गेली, फलाट रिकामा झाला, तरी दोघं उठले नाहीत.