आमच्या घराचा आवाज

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमले नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं काम पडलं ते साड्यांना चिठ्ठ्या टाचण्यापुरतं, कोणत्या साडीला फॉल लावायचा आणि कोणत्या साडीला पिको करायचं एवढंच. सीताबर्डीच्या दुकानातून साड्या आणायच्या, घरी करून परत द्यायच्या. चारचौघांत मला बोलता येत नाही. म्हणून हे लिहिते, कोणी वाचावं म्हणून नाही.

सिनेमावाल्यांना आमच्या वस्तीत आणलं ते मंडप-डेकोरेशनवाल्या भाऊंनी. लग्नाचे मंडप, खुर्च्या, लाइटिंग हा त्यांचा धंदा. बाहेरून शूटिंगवाले आले की घर, गाड्या, जेवण, सगळं तेच जमवून देतात. त्यांनी आमचं घर दाखवलं. भिंतींचा चुना उडालेला, पत्र्याला भोकं, दारासमोर नाली. सिनेमावाल्यांना तेच पाहिजे होतं, पण आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

घरात मी आणि माझी सासू. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून एखादा दिवस घरी येतो. सासूबाईंना काचबिंदू. उजेड आणि अंधार कळायचा, माणूस कळायचं नाही. घरात त्या भिंतीला तळहात लावून फिरायच्या. भिंत संपली की दार, दार संपलं की मांडणी, असा त्यांचा रस्ता.

पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही दसऱ्याच्या आधी करतो तसं सगळं घर काढलं. चुन्यात नीळ टाकून भिंती रंगवल्या, मांडणीवरचे डबे राखेने घासले. सासूबाईंनी पेटीतलं पांढरं लुगडं काढून मला स्टार्च करायला लावलं. त्यांच्या सासूने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे मोठ्या दिवसाला पांढरंच नेसतात.

सकाळी सिनेमाचे लोक आले आणि दारातच थांबले. सजावट पाहणारा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "दीदी, ये क्या कर दिया." मला वाटलं काही कमी पडलं. मग त्यांनी बादलीत चहाचं पाणी उकळलं, त्यात काजळी कालवली आणि फडक्याने आमच्या निळ्या भिंतीवर मारली. डबे काढून पोत्यात भरले. त्यांच्या जागी कुठून तरी आणलेली चेपलेली भांडी ठेवली.

सासूबाईंचा हात भिंतीला लागला.

"भिंत ओली काहून हाय वं?"

"रंग देऊन राहिले, आत्याबाई."

"आपण तं आताच देला."

"त्यांचा वेगळा हाय," मी म्हटलं. त्यांचा तळहात काळा झाला होता. तो मी पदराने पुसला.

कपड्यांचं पाहणारी बाई म्हणाली, पांढरं कॅमेऱ्यात फार चमकतं. सासूबाईंना मातकट, फाटकं लुगडं दिलं. फाटलेलं त्यांना बोटांनी कळलं, तो भाग त्यांनी आत दुमडून घेतला. त्यांना दारात बसवलं. कॅमेरा एका उंच क्रेनवर चढवला. सुनेशी काहीही बोला, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कालच्या वरणात मीठच नव्हतं. तुह्या माहेरी मीठ महाग हाय का?" सगळे हसले. आवाज घेणाऱ्या माणसाने हसताना कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

शेवटच्या दिवशी त्याच माणसाने सगळ्यांना गप्प उभं केलं. म्हणाला, घराचा आवाज घ्यायचाय, कोणी हलू नका. प्रत्येक घराचा रिकामा आवाज वेगळा असतो म्हणे. सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या. घड्याळ चाललं होतं. छपरावर कबुतरं चालत होती, माठाखालच्या ताटलीत थेंब पडत होता आणि लांबून विहारातल्या वंदनेचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत मी आमचं घर कधी असं ऐकलं नव्हतं. सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी नाई दिसलो तरी चालते. पण घर ऐकू येईन ना. लोकायले समजन, कोणाचं घर हाय ते."

घराचं भाडं आणि सासूबाईंना चित्रात घेतल्याचे मिळून पंधरा हजार रुपये भाऊंच्या हातून आले, त्यांचा हिस्सा त्यांनी त्यातूनच काढून घेतला. आम्ही छपराचे पत्रे बदलले. भिंती पुन्हा रंगवल्या, पण चहाचा डाग चुन्यातून वर येत राहिला.

सिनेमा लागला तेव्हा गल्लीतल्या बाया मिळून मेट्रोने गेलो. थिएटरात सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, पांढरं लुगडं नेसून. पडद्यावर काय आहे ते मी त्यांच्या कानात सांगत होते.

गोष्ट एका मोठ्या घरच्या मुलीची होती. ती वस्तीत शिकवायला येते. तिचं घर आलं की कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा राहायचा, पाहुणा उभा राहतो तसा. कपात चमचा फिरलेला ऐकू यायचा. आमची गल्ली आली तेव्हा कॅमेरा वरून आला, घारीसारखा. मग एकदम नालीजवळ उतरला. पाय दिसले, हात दिसले, एका लेकराचं नाक दिसलं. पूर्ण चेहरा फक्त त्या मुलीचा. आणि सगळ्या गल्लीभर माश्या घोंगावत होत्या.

"आता काय दाखवून राहिले?"

"आपलं घर."

सासूबाई कान देऊन बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "माश्या काहून वं? आपल्या घरी माश्या कुठं हायेत? घड्याळ कुठं गेलं?"

मग दार आलं. दारात त्या बसलेल्या, वरून घेतलेल्या, लहानशा. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज भलत्याच बाईचा होता. ती बाई हुंदके देत रडत होती, मागे बासरी वाजत होती.

"हे कोण रडून राहिली?"

"हाय कोणी एक."

मागच्या रांगेतून शेजारीण वाकली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "आजी, तुम्हीच तं हाय जी. किती छान रडल्या तुम्ही."

सासूबाई माझा हात धरून होत्या. तो त्यांनी सोडला. पुढे पडद्यावर एक कामवाली आमच्या बोलीत बोलली तेव्हा सगळं थिएटर हसलं, आमच्या बायाही हसल्या. आम्ही दोघी शेवटपर्यंत बसलो, कारण अंधारात त्यांना पायऱ्यांवरून नेता आलं नसतं.

घरी आल्यावर भिंतीला हात लावून त्या म्हणाल्या, "मी मिठाचं बोललो होतो. नवरा मेला तेव्हाही मी लोकायसमोर रडलो नाई. त्यांले त्यांचे पैसे वापस कर."

"पैशाचे पत्रे आणले ना, आत्याबाई."

"मंग पत्रे नेऊन टाक."

त्या भिवापूरच्या. लहानपणी मिरचीच्या बाजारात आईबरोबर बसायच्या. तिथला नियम त्यांच्या अंगात होता. आगाऊ घेतलेला इसार परत केला की सौदा मोडला, मग माल ज्याचा त्याचा. मी भाऊंना जाऊन विचारलं. ते मंडपाच्या दोऱ्या गुंडाळत होते.

"वहिनी, सिनेमावाल्यायले कोणी पैसे वापस देते का? तो सिनेमा आता मोबाइलवर हाय. कोण काढते त्याच्यातून?"

"पण आम्ही देतो म्हटलं तं घेतीन?"

"पैसे घ्यायले कोण नाई म्हणते बाप्पा."

हे मी सासूबाईंना अर्धंच सांगितलं. पैसे घेतील, एवढंच.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तुम्हा दोघींचं डोकं फिरलं. मग मी साड्या जास्त घ्यायला लागले. मशीनवर बसल्या बसल्या टीव्ही चालू असायचा. आधी मी गोष्ट पाहायची, आता कॅमेरा कुठे उभा आहे ते दिसायला लागलं. जंगलातले लोक आले की ढोल वाजतो, त्यांच्यात कोणी साधं बोलतच नाही. आमच्यासारखी वस्ती आली की चित्र पिवळं, मळकं होतं आणि कुत्रं भुंकतं. गरीब म्हातारी आली की बासरी. पाहायची इच्छा गेली, पण बंदही करवेना. आपल्याला कोण कुठून पाहतं हे एकदा कळलं की रस्त्यानेही तसंच वाटतं. दुकानात साड्या द्यायला गेले की वाटायचं, आता हे लोक वरून पाहत आहेत.

थोडे पैसे जमले की भाऊंकडे नेऊन द्यायची. ते फोनवरून सिनेमावाल्यांच्या मॅनेजरला पाठवायचे. पहिल्यांदा हसले, नंतर हसणं बंद झालं. एकदा म्हणाले, "माह्या हिश्श्याचे मी सोडतो, तेवढे कमी दे." सासूबाई म्हणाल्या, पूर्णच द्यायचे.

हिवाळ्यात त्या अंथरुणाला लागल्या. उजेडही कळेनासा झाला. मी आले की विचारायच्या, "राहिले का अजून?" शेजारणीच्या नातवाच्या मोबाइलवर तो सिनेमा कधीमधी लागायचा आणि भिंतीपलीकडून ते रडणं यायचं. मग मी मशीन जोरात चालवायची.

परवा शेवटचे दिले. भाऊंनी माझ्यासमोर पाठवले. मॅनेजरकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं, बाकी काही नाही. घरी येऊन मी सासूबाईंच्या खाटेजवळ बसले.

"फिटले?"

"फिटले, आत्याबाई. सगळे."

त्यांनी हात वर करून भिंतीला लावला. "मंग आता त्या बाईचा आवाज काढतीन ते. माहा टाकतीन."

घड्याळ चाललं होतं. पलीकडे मोबाइल बंद होता, निदान त्या वेळी तरी. त्यांचा तळहात मी पदराने पुसला. पंधरा हजारांतला एक रुपयाही आता आमच्याकडे सिनेमावाल्यांचा राहिला नव्हता.