अंगणातल्या खुंट्या

रविवारी चारुशीला कर्णिक पहाटे साडेचारला उठत. घरात दुसरं कुणी नव्हतं, भांडी वाजली तरी कुणाची झोप मोडणार नव्हती. तरीही त्या जपून वावरत. भाकरीचा डबा, पाणी, मापाची टेप, हातोडी, थोडं सिमेंट असं सगळं पाठीवर घ्यायचं. एसटीनं पोलादपूर, तिथून उमरठकडची गाडी, आणि गाडी सोडल्यावर दांडवाडीपर्यंत उभी चढण. पन्नाशी उलटल्यावर पाठीवर लोखंड घेऊन चढ चढणं म्हणजे काय, हे ओझं वाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मध्ये त्या बसत नसत. बसलं की उठवत नाही, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं होतं.

महाडच्या एका कॉलेजात त्या भूगोल शिकवत. तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर उतरला, त्या जुलैनंतर पुस्तकातला डोंगर शिकवताना त्यांची जीभ अडखळायला लागली. मग त्यांनी दांडवाडी धरली. वाडीतल्या सगळ्यात वरच्या घराच्या अंगणातून एक भेग गेली होती, बोट जाईल एवढी. घराच्या पाठीशी डोंगर, पुढे उतार. भेगेच्या दोन्ही अंगांना बाईंनी लोखंडी खुंट्या ठोकल्या. अंगणाच्या दगडी कडेवर भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या सिमेंटनं बसवल्या. जमीन सरकली की काच तडकणार, खुंट्यांमधलं अंतर वाढणार. वर्षभर मोजलं की सांगता आलं असतं, पावसाळ्यात या घरात माणसानं राहावं की नाही.

त्या घरात चंद्रभागा एकटी राहायची. सत्तरीची बाई. मुलगे मुंबईला. खालच्या वाडीत, रस्त्यालगत, तिचा दीर भिकू. चंद्रभागेनं खुंट्यांना हात लावायचा नाही असं कबूल केलं होतं, आणि तसं ती वागतही होती.

खुंट्या बसवल्या त्याच वर्षी जूनमध्ये कॉलेजचे प्राचार्य निवृत्त झाले. नवा माणूस येईना. सगळ्यात जुन्या म्हणून प्रभारी प्राचार्यपद बाईंच्या गळ्यात पडलं. स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची सुटली आणि त्या केबिनमध्ये गेल्या.

त्याआधी दुपारचा डबा मुकुल आणि दीप्तीबरोबर व्हायचा. मुकुल इतिहासाचा, दीप्ती मराठीची. एकमेकांच्या डब्यात हात घालून खायची सवय. केबिनमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात बाई डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेल्या, तर सगळे उठून उभे राहिले.

"बसा रे, मी आहे," बाई म्हणाल्या.

बसले. पण बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढे गेलं नाही. मुकुलनं डब्याचं झाकण लावलं. "आमचं झालंच होतं, मॅडम."

"मॅडम काय म्हणतोस? काल चारू होते."

"काल तुम्ही आमच्यासारख्या रजा मागत होता. आज देणाऱ्या." तो हसून म्हणाला, पण डबा घेऊन गेला. पुढे परीक्षेच्या दिवसांत त्याची रजा बाईंना नाकारावी लागली, तेव्हा हसणंही गेलं.

बाईंनी काम चोख केलं. तपासणीची समिती येणार म्हणून प्रयोगशाळा लावल्या, गळकं छत दुरुस्त करून घेतलं, तासांचं वाटप अंगावर घेतलं. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच जास्त तास पडले. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं, असं बाईंना वाटायचं. शिपाई चहा ठेवून जायचा. चहा निवायचा. बाहेरून हसण्याचा आवाज यायचा आणि दार लोटलं की थांबायचा.

दिवाळीनंतर रविवारही गेले. कधी बैठक, कधी समितीची तयारी. दांडवाडीत फोन लागत नसे. खुंट्या कुठं पळून जाताहेत, असं म्हणून बाई स्वतःची समजूत घालत.

शिमगा झाल्यावर त्या वर गेल्या. अंगणाच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. भेग नव्हती. खुंट्या नव्हत्या, काचा नव्हत्या. अंगण एकसारखं, चोपून सारवलेलं. भेगेत माती भरली होती, पाणी मारून लाकडी चोपण्यानं ठोकून बसवली होती, वर शेणाचा हात. सांधा शोधून सापडेना.

चंद्रभागा फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. "तुमच्या खुंट्या. धुऊन ठेवल्यात, मॅडम. एक पन हरवली नाय."

"मावशी, हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"पालखी येनार हुती. देव दारात नाचतो, तो काय खुंट्यांवरनं नाचल? आनि पालखी नाचवनारी पोरं अनवाणी. त्यांच्या पायात काच घालू व्हय?" मग गाठोडं जोत्यावर ठेवत, "तुमची वाट बघितली मी. म्हटलं, बाय येल, इचारून काढू. तुम्ही आलाच नाय."

बाई जोत्यावर बसल्या. वर्षाची मापं गेली होती. पण समोरचं अंगण त्या बघत राहिल्या. माती डोक्यावरून आणलेली, पाणी खालच्या विहिरीवरून. एवढं काम एकट्या म्हातारीनं केलं होतं, आणि त्यात खोट नव्हती. खोट कुठं होती, ते त्यांना माहीत होतं. जन्म महाडचा, लहानपणी शिमग्याआधी आईबरोबर अंगण चोपलेलं, आणि पालखीच्या वाटेत काच बसवताना ते आठवलं नव्हतं.

वर्षअखेरच्या बैठकीत प्रत्येकाच्या संशोधनाचा आढावा वाचायचा होता. बाईंनी सगळ्यांचा वाचला. स्वतःच्या नावापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "माझं काम या वर्षी झालेलं नाही. पालखीसाठी अंगण सारवलं, त्यात खुंट्या निघाल्या. मी वेळेवर गेले असते तर पर्याय निघाला असता. मी गेले नाही."

मग मुकुल म्हणाला, "पालखीच्या वाटेत काचा? मॅडम, तुम्ही नक्की महाडच्याच ना?"

दीप्तीला हसू फुटलं आणि मग सगळेच हसले. बाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर्षभरात त्यांच्यासमोर कुणी त्यांना हसलं नव्हतं. बैठक संपली. सगळे बोलत बोलत डबे खायला गेले. बाईंना हाक मारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मे महिन्यात त्या पुन्हा वर गेल्या. सारवणावर केसाएवढी रेघ उमटली होती, जुन्या भेगेच्याच वाटेनं. ती उन्हानं पडली की डोंगरानं, हे सांगायला त्यांच्याकडे माप नव्हतं.

"मावशी, पावसाळाभर खाली चला. भिकूभाऊंकडे राहा."

"तुमचं माप काय सांगतं?"

"काही सांगत नाही. मला भीती वाटते, म्हणून म्हणते."

चंद्रभागा हसली. "भीती मला पन वाटती गो बाय. मी काय, कुठं पन पडीन. म्हैस कुठं बांधू? भिकूचा गोठा भरलेला. गाभन हाय ती, पावसात उघड्यावर मरल."

बाई खाली भिकूकडे गेल्या. तो विडी विझवत म्हणाला, "जागा हाय की घरामागं. पत्रं, खांब तुम्ही आना, उभं मी करतो. पन वहिनी फुकट घेनार नाय. लई ताठ हाय ती."

ती खरंच घेईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "फुकट नाही. वर्षभर तुमचं अंगण माझं. खुंट्या परत ठोकणार, दर रविवारी येणार. गोठा म्हणजे त्या अंगणाचं भाडं."

"आनि शिमग्याला?"

"शिमग्याआधी मी स्वतः काढीन. अंगणही तुमच्याबरोबर चोपीन."

चंद्रभागेनं त्यांचे हात उलटेपालटे करून बघितले. "या हातांनी? बघू. चला मग."

महिनाअखेरीस नवे प्राचार्य रुजू झाले. बाईंनी किल्ल्या दिल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे परत गेल्या. तिथं वर्षभर दुसरं कुणी बसत होतं. त्यांनी कोपऱ्यातली घेतली. प्रभारी पदाचा थकलेला भत्ता त्याच आठवड्यात एकरकमी खात्यावर आला. केबिनमध्ये एकटीनं काढलेल्या वर्षाची ती मजुरी. त्यातूनच बाईंनी पोलादपूरच्या दुकानात पत्रे घेतले, लोखंडी खांब घेतले, भिकूची आणि त्याच्या जोडीदाराची रोजंदारी दिली. उरलं त्यात गव्हाण बांधून झाली. आभाळ भरून यायच्या आत चंद्रभागेनं म्हैस खाली आणून तिथं बांधली.